शेजाऱ्याचे दिवाळे

शेजाऱ्याचे दिवाळे निघाले की आपल्या घरी दिवाळी, अशी समजूत बाळगणाऱ्यांची संख्या दिल्लीतील मराठी मंडळींत अलीकडे बरीच वाढली आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात, महाराष्ट्र सदनातील पंक्तीत, नोएडा-गुडगावच्या उंच इमारतींतील दिवाणखान्यांत पाकिस्तानचा विषय निघाला, की कोणीतरी हसत हसत म्हणतो, "आता लढाई हवी कशाला? पिठाच्या रांगाच त्यांना संपवतील." बाकीचे माना डोलावतात आणि गप्पा पुन्हा बदल्या-बढत्यांकडे वळतात. असे बोलणारे अडाणी असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण ही मंडळी अर्थ, संरक्षण, परराष्ट्र, वाणिज्य अशा खात्यांत पंचवीस-तीस वर्षे घालविलेली आहेत. ह्यांच्या टिपणांवर राज्य चालते. तेव्हा ही समजूत कितपत खरी आहे, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आमच्या हेतूविषयी गैरसमज नको. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. अशा हत्यांना दशकानुदशके आसरा देणाऱ्या राज्याची वकिली करावयास आम्ही बसलेलो नाही. त्याच्यावरील संताप रास्त आहे आणि त्याच्याशी आमचा यत्किंचितही वाद नाही. आमचा वाद आहे तो त्याच्या दारिद्र्यात होणाऱ्या आनंदाशी, आणि त्या आनंदातून निघणाऱ्या धोरणाशी.

पैशाचा फास आवळून शेजाऱ्यास वाकवावे, ही कल्पना काही आजची नव्हे. ती उभय राष्ट्रांच्या जन्माइतकीच जुनी आहे, आणि तिच्या पहिल्या दोन प्रयोगांच्या वेळी एक मराठी माणूस अगदी मध्यभागी उभा होता. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानास स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. भारताची रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचे चलन सांभाळीत होती, आणि तिचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. एकत्र तिजोरीतून पाकिस्तानास द्यावयाच्या ७५ कोटींपैकी २० कोटी आधीच दिलेले होते. उरलेले ५५ कोटी काश्मिरातील लढाईमुळे रोखून धरण्यात आले, आणि गांधीजींचे उपोषण चालू असता १५ जानेवारी १९४८ रोजी सोडण्यात आले. पुढे काय घडले, ते मराठी वाचकास सांगावयास नको. त्या पंचावन्न कोटींवर मराठी घरांत आजही तावातावाने बोलले जाते. मात्र त्यानंतर दीड वर्षांनी घडलेला प्रकार फारसा कोणाच्या स्मरणात नाही, आणि आमच्या दृष्टीने खरा धडा त्यातच आहे.

सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली. पाठोपाठ भारताने रुपयाची उतरवली. पाकिस्तानने मात्र आपल्या रुपयास हात लावण्याचे नाकारले. म्हणजे एका रात्रीत १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजण्याची पाळी आली. दिल्लीने हा दर मानण्यास साफ नकार दिला. व्यवहार थांबले, कोळसा अडला, आणि पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांकडे येईनासा झाला. पाकिस्तानास आज ना उद्या नमावेच लागेल, असा दिल्लीचा होरा होता. ताग आमच्याखेरीज घेणार कोण? हिशेब कागदावर बिनचूक होता. त्यात जगाचा रकाना तेवढा राहून गेला होता. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, कच्च्या मालाच्या किंमती भडकल्या, तागास व कापसास जगभरातून गिऱ्हाईक आले, आणि कराचीची तिजोरी भरली. इकडे कलकत्त्याच्या गिरण्या कच्च्या मालावाचून अडल्या. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तोच १४४ चा दर मुकाट्याने मान्य केला. त्या वेळी अर्थमंत्री होते तेच चिंतामणराव देशमुख! पुढे १९५५ साली पाकिस्तानने आपण होऊन रुपयाची किंमत उतरवली खरी, पण तोवर आमचा फास सुटून चार वर्षे लोटली होती आणि कोरियाची तेजीही ओसरली होती.

दोन शेजारी एकमेकांकडे पाहून जमाखर्च मांडतात आणि त्यांच्या भांडणात एखादा तिसराच उतरून तो जमाखर्च उलटापालटा करून टाकतो, हा अनुभव त्यानंतर वारंवार आला आहे. जग जसजसे अधिक जवळ येत गेले, तसतसा हा तिसरा अधिक लवकर येऊ लागला. आणि १९९८ नंतर तर त्याला येण्यास एक फार मोठे कारण मिळाले.

११ आणि १३ मे १९९८ रोजी आम्ही पोखरण येथे स्फोट केले. २८ मे रोजी पाकिस्तानने चागाईच्या डोंगरात केले. गवत खाऊ पण बॉम्ब करू, ही झुल्फिकार अली भुट्टो यांची प्रतिज्ञा अशा रीतीने फळास आली, आणि गवत खाण्याचा भागही त्याच दिवशी सुरू झाला. देशात आणीबाणी पुकारून नवाझ शरीफ यांच्या सरकारने नागरिकांची परकीय चलनातील खाती गोठवून टाकली. एकच वर्षापूर्वी, १९९७ साली, ह्याच शरीफ यांनी "कर्ज उतारो, मुल्क सँवारो" म्हणत देशी-परदेशी पाकिस्तान्यांपुढे झोळी पसरली होती. ज्यांनी विश्वासाने डॉलर बँकेत ठेवले, त्यांनाच ते काढता येईनात. अमेरिकेने निर्बंध घातले आणि कर्जफेड बंद पडण्याची वेळ आली. आज जे आमचे मित्र पिठाच्या रांगांवर भिस्त ठेवून आहेत, त्यांच्या मताप्रमाणे पाकिस्तान त्याच वेळी संपावयास हवे होते.

घडले ते असे. १९९९ च्या फेब्रुवारीत लाहोरचा करार झाला, आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर त्याच दिवाळखोर राष्ट्राचे सैनिक सापडले. रिकाम्या तिजोरीने त्यांचे हात बांधले नाहीत. पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. अमेरिकेला अफगाणिस्तानचा रस्ता हवा झाला. त्याच महिन्यात निर्बंध उठले आणि डिसेंबरात पॅरिस येथे धनको राष्ट्रांनी पाकिस्तानच्या १२.५ अब्ज डॉलर कर्जाची नव्याने, सोयीची मांडणी करून दिली. कोरियाचा खेळ पन्नास वर्षांनी पुन्हा झाला.

आता ताजी गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाकिस्तानची परकीय चलनाची गंगाजळी ३ अब्ज डॉलरच्याही खाली गेली होती. त्या मे महिन्यात महागाई ३८ टक्क्यांवर पोहोचली. आमच्याकडील दिवाणखान्यांतून त्या काळात ऐकलेली भाकिते आम्हांस आजही आठवतात. पुढे नाणेनिधीचे ३ अब्ज आले. २०२४ मध्ये ७ अब्जांचा नवा कार्यक्रम आला. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. त्या संध्याकाळी नवी दिल्लीत सरावासाठी पंधरा मिनिटे दिवे मालवण्यात आले. आणि ९ मे रोजी, सीमेवर मारा चालू असतानाच, नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाने पाकिस्तानला सुमारे १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. आमच्या प्रतिनिधीने आक्षेप नोंदवले. १९८९ पासूनच्या ३५ वर्षांपैकी २८ वर्षे पाकिस्तानास नाणेनिधीचा पैसा मिळत आला आहे, हेही भारत सरकारने जगाच्या निदर्शनास आणले, आणि मतदानात भारत तटस्थ राहिला. हप्ता गेला तो गेलाच.

हा पक्षपात झाला, असे आपण म्हणतो. आणि तो झाला असेलही. परंतु सावकाराच्या जागी बसून क्षणभर विचार करावा. ज्याच्या घरात दारूगोळ्याचे कोठार आहे अशा कुळावर जप्ती कोण नेणार? स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या २०२५ च्या आरंभीच्या अंदाजाप्रमाणे पाकिस्तानपाशी सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत, आपल्यापाशी १८० आणि चीनपाशी ६००. सत्तर वर्षांपूर्वी पाकिस्तानास ताग विकून पैसा उभा करावा लागला. आज त्याला आपली दुर्बलताच विकता येते. "मी कोसळलो तर काय होईल ते पाहा," एवढे म्हटले की पुरे. त्याच्या दारिद्र्याचे आणि बॉम्बचे असे साटेलोटे आहे. दारिद्र्य वाढले म्हणून बॉम्बचे मोल उतरत नाही, उलट चढते. ही साधी गोष्ट जे ध्यानात घेत नाहीत, त्यांना आम्ही मुत्सद्दी म्हणावयास तयार नाही, मग त्यांची सेवाज्येष्ठता कितीही असो.

त्या हप्त्यानंतर महिन्याभरात सादर झालेला पाकिस्तानचा अर्थसंकल्प ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी जरूर पाहावा. एकूण खर्च सुमारे ७ टक्क्यांनी कमी आणि संरक्षणाचा खर्च २० टक्क्यांनी जास्त! साडेसतरा हजार अब्ज पाकिस्तानी रुपयांपैकी आठ हजार अब्जांहून अधिक रक्कम व्याजात गेली, अडीच हजार अब्ज सैन्यास, आणि उरल्यासुरल्यात शाळा, दवाखाने, पाटबंधारे. पोटाला चिमटा बसला तो लाहोर-कराचीच्या गरिबाच्या. रावळपिंडीच्या सेनापतींचे ताट भरलेलेच राहिले. इतकेच नव्हे, तर त्याच जूनमध्ये त्यांच्या सेनाप्रमुखास अमेरिकेच्या अध्यक्षांनी भोजनास बोलावले, आणि ऑगस्टमध्ये पाकिस्तानी मालावर १९ टक्के व आमच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क बसले. दिवाळखोरीने कोण संपतो, ह्याचा हा झाडा आहे.

येथे कोणी म्हणेल, की आमची गोष्ट निराळी. आम्ही सुस्थितीत आहोत. आहोत खरे. पण आम्ही नेहमीच सुस्थितीत नव्हतो. १९९० च्या मे महिन्यात काश्मीरवरून युद्धाचे, आणि कदाचित अण्वस्त्रांचेही, ढग जमू लागले म्हणून अमेरिकेचे दूत रॉबर्ट गेट्स इस्लामाबाद व दिल्ली येथे धावत आले. तेव्हा आमची तिजोरी होती मधु दंडवते ह्यांच्या हाती, आणि ती वेगाने आटत चालली होती. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले, तेल भडकले, आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ च्या मेमध्ये २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन लंडनला गहाण पडले. ज्या देशात घरातली स्त्री शेवटचा उपाय म्हणून अंगावरचे सोने मोडते, त्या देशाने ते केले. पण अणुकार्यक्रम गुंडाळावा असे त्या वर्षी आमच्यापैकी कोणास सुचले काय? सातच वर्षांनी पोखरणची वाळू हादरली. निर्बंध आले तेव्हा परदेशस्थ भारतीयांना पावणेआठ टक्के व्याज कबूल करून आम्ही रोख्यांवर ४.२ अब्ज डॉलर उभे केले. जे आम्ही केले नाही, ते शेजाऱ्याने दारिद्र्यापायी करावे, ही अपेक्षा आम्ही कोणत्या न्यायाने धरतो?

अण्वस्त्रधारी प्रतिस्पर्धी खरोखरच कोसळला तर शहाणी राष्ट्रे काय करतात, त्याचेही उदाहरण आहे. १९९१ साली सोव्हिएट युनियन मोडले. चाळीस वर्षे ज्याच्या भयाने अमेरिकेने झोप घेतली नाही, तो शत्रू धुळीस मिळाला. वॉशिंग्टनमध्ये आनंद झाला नसेल असे नव्हे. पण त्याच वर्षी सिनेटर नन व लुगार ह्यांनी कायदा करून घेतला आणि अमेरिकेच्या खजिन्यातून पैसा शत्रूच्या अण्वस्त्रांचे पहारे नीट राहावेत म्हणून जाऊ लागला. १९९३ मध्ये करार झाला आणि २०१३ पर्यंत रशियाच्या अण्वस्त्रांतले ५०० टन युरेनियम विरळ करून अमेरिकेने विकत घेतले, आपल्या वीजघरांत जाळले. ह्यात परोपकार शून्य होता. उपाशी पहारेकरी आणि उघडे कोठार ह्यांची जोडी आपल्यालाच महागात पडेल, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. आमच्याकडेही तो व्यवहार अगदी अनोळखी नाही. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या नाहीत. सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, कारण हंबनटोटाचे बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कोणाच्या हाती गेले, ते आम्ही पाहिले होते. पाकिस्तानास आम्ही मदत करावी असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु शेजाऱ्याचे दिवाळे कोणाच्या पथ्यावर पडते, हे कोलंबोच्या बाबतीत ज्यांना कळते, त्यांना इस्लामाबादच्या बाबतीत कळेनासे का व्हावे? स्टॉकहोमच्या त्याच संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०२० ते २०२४ ह्या पाच वर्षांत पाकिस्तानने घेतलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनची होती. पाकिस्तान जितका कंगाल, तितका तो बीजिंगचा मिंधा.

असो. परदेशचे दाखले पुरेत. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास ह्या विषयात खरे तर कोणाकडून शिकावयास नको, कारण उपासमारीने घेरलेली फौज काय करते, हे त्याच्या घराण्याच्या आठवणीत आहे. १७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊ दिल्लीत शिरले तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्यांनी त्याचे रुपये पाडले. आज त्या दालनात पाहुण्यांना हिंडवून आणताना आपण वर पाहतो तेव्हा हे आठवावे. ते रुपये किती दिवस पुरणार? पानिपतावर अडीच महिने कोंडी झाली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली. अब्दालीच्या छावणीत कोणी आमच्या सहसचिवांसारखा हिशेबी असेलच, तर त्यानेही म्हटले असेल, आता लढाई कशाला, भूकच त्यांना संपवील. पण भुकेल्या मराठी छावणीने शरणचिठ्ठी धाडली नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी ती बाहेर पडली, आणि तो दिवस जिंकणाऱ्यासही किती महाग पडला ते सर्वश्रुत आहे. अब्दालीच्या शिपायांनी थकलेल्या पगारासाठी गिल्ला केला आणि मार्चमध्ये त्यास दिल्ली सोडून परतावे लागले. त्या काळी दोन्ही फौजांपाशी तलवारी, बंदुका व तोफा होत्या. पानिपतच्या कोंडीतील मनःस्थिती आणि आजची अस्त्रे एकत्र आली तर काय होईल, ह्याची कल्पना ज्यास करता येत नाही, त्याने निदान दुसऱ्यास निर्धास्त राहण्याचा उपदेश करू नये.

आणि हा उपदेश दिल्लीत बसून व्हावा, हे तर विशेषच! येथून पुणे हजार किलोमीटरहून अधिक दूर. लाहोर सव्वाचारशेच्या आसपास. क्षेपणास्त्रास हे अंतर काटावयास मोजकी मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या माणसाचे डोके ठिकाणावर असणे ही आपली गरज आहे, त्याच्यावर उपकार नव्हे. ९ मार्च २०२२ ची गोष्ट घ्या. त्या संध्याकाळी आमचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते, जीवितहानी झाली नाही. चौकशीअंती वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. सारे लवकर विसरले गेले. पण तारीख ध्यानात घ्यावी. आदल्याच दिवशी, ८ मार्चला, इम्रान खान ह्यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव दाखल झाला होता. सरकार डळमळत होते आणि महागाईने लोक त्रस्त होते. अशा घटकेस सीमेपलीकडून एक अस्त्र येऊन पडते, आणि ते चुकून आले की मुद्दाम, हे तेथील अधिकाऱ्यांनी काही मिनिटांत ठरवावयाचे असते. त्या दिवशी त्यांनी धीर धरला. पुढच्या खेपेस रिकामी तिजोरी आणि रस्त्यावरचा जमाव पाठीशी घेऊन बसलेला कोणी तसाच धीर धरील, ह्याची हमी पिठाच्या रांगा मोजणाऱ्या आमच्या मित्रांनी द्यावी.

आमचे मित्र विचारतील, मग करावे तरी काय? भाबडी मैत्री नको, बस नको, मेजवान्या नकोत. परंतु काही कामे अशी आहेत की जी शत्रूबरोबरच करावयाची असतात, मित्राबरोबर ती करण्याचे कारणच नसते. ३१ डिसेंबर १९८८ चा एक करार आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही आणि दर १ जानेवारीस त्या केंद्रांच्या याद्या दिल्ली व इस्लामाबाद येथे एकाच वेळी एकमेकांच्या हाती द्यावयाच्या, असे त्यात ठरले. १९९२ पासून कारगिलच्या वर्षी, संसदेवरील हल्ल्यानंतर, मुंबईवरील हल्ल्यानंतरही ती यादी दिली-घेतली गेली आहे. कोणत्याही सभेत ह्याची वाहवा होत नाही. कोणी अवर सचिव ती टंकलिखित करवून घेतो, कोणी शिक्का मारतो, कोणी पोहोचवितो. आमच्या मते गेल्या पस्तीस वर्षांतील उभय देशांच्या व्यवहारातले हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे.

त्याच धर्तीवर ३ ऑक्टोबर २००५ चा दुसरा करार आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्यापूर्वी शेजाऱ्यास सूचना द्यावयाची, असा तो आहे. त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत. मियाँ चन्नूजवळ जे पडले ते क्रूझ होते. चुकून सुटलेल्या अस्त्राची पूर्वसूचना कोणताच करार देऊ शकत नाही हे खरे. पण क्रूझ क्षेपणास्त्रेही करारात आली, आणि अपघात घडताच पहिल्या पाच मिनिटांत कोणी कोणास दूरध्वनी करावयाचा हे त्यात लिहिले गेले, तर पलीकडच्या खोलीत बसलेल्या घाबऱ्या माणसास निदान काहीतरी धरून बसता येईल. ह्यास नाणेनिधीचा हप्ता लागत नाही, संसदेत दोन तृतीयांश मते लागत नाहीत, कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. लागते एक टिपण, आणि ते वर पाठविण्याचे धैर्य. रायसीना टेकडीवरील जुन्या दालनांतून कचेऱ्या आता कर्तव्य पथावरील नव्या भवनांत हलू लागल्या आहेत. सामान बांधताना ती २००५ ची फाईल ज्या कोणा मराठी अधिकाऱ्याच्या हाती येईल, त्याने ती गाठोड्याच्या तळाशी न घालता टेबलावरच ठेवावी आणि नव्या जागी पहिल्या आठवड्यात तिच्यावर टिपण लिहावे.